घाट एक, वाटा दोन : बोरघाटातील सामायिक आणि राखीव मार्गांचा इतिहास

१/
१८५८ साली मुंबईहून पुण्यास निघालेल्या प्रवाशाचा प्रवास तीन तुकड्यांत होत असे. मुंबईपासून घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीपर्यंत आगगाडी, घाटमाथ्यावरील खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत पुन्हा आगगाडी आणि मधल्या चढावर पालखी, तट्टू किंवा बैलगाडी. दोन्ही टोकांना त्या युगातील सर्वांत वेगवान वाहन उभे होते. मधल्या काही मैलांचा वेग मात्र पेशवाईतलाच होता. ही स्थिती १८६३ पर्यंत, सुमारे पाच वर्षे टिकली. एखाद्या मार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद तुकड्यावर ठरते, हा धडा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनी तेव्हाच गिरवला.

२/
आज सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न येतो. बँडविड्थ सामायिक घ्यावी की राखीव? सामायिक म्हणजे एकाच मोठ्या वाहिनीवर अनेक ग्राहक, दर कमी, पण गर्दीच्या वेळी वाट्याला काय येईल याची शाश्वती नाही. राखीव म्हणजे ठरलेली क्षमता फक्त एकाची. तो वापरो वा न वापरो, पैसे भरावे लागतात. प्रश्न संगणकयुगातला वाटतो. मावळात मात्र तो रस्ता, रूळ, तार आणि पाणी अशा चार रूपांत दोनशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. या धाग्यात त्याच प्रश्नाचा माग घेतला आहे.

३/
प्रथम एक संज्ञा स्पष्ट करू. बँडविड्थ म्हणजे वेग, हा समज अर्धवट आहे. घाटातून एक घोडेस्वार किती लवकर जातो हा वेगाचा प्रश्न. दिवसभरात किती खंडी धान्य घाट चढते हा क्षमतेचा प्रश्न. बँडविड्थ ही दुसऱ्या प्रकारची राशी आहे. रस्ता रुंद केल्याने घोडा अधिक वेगाने धावू लागत नाही. तो बैलांच्या तांड्यामागे अडकून पडत नाही, एवढेच. सामायिक मार्गाचे सारे अर्थकारण एका गृहीतकावर उभे असते: सगळे एकाच वेळी येणार नाहीत. हे गृहीतक जेव्हा कोसळते, तेव्हा इतिहास घडतो.

४/
मावळची भूमी मुळातच सामायिक वाटेची. कोकणातील बंदरांतून आलेला माल सह्याद्री ओलांडून देशावर जाई, तो याच टापूतून. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी या वाटेच्या आसपास कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत धेनुकाकट येथील दात्यांची नावे आहेत आणि त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. भिक्षू, व्यापारी, परदेशी असे सारे एकाच वाटेने चालत होते. पुढे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची या किल्ल्यांनी या परिसराची राखण केली. वाट सर्वांची, पण तिच्यावर नजर सत्तेची, अशी ही रचना होती.

५/
गृहीतक कोसळल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पहिले इंग्रज-मराठा युद्ध. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. लढणारे शिपाई चार हजारांच्या आतबाहेर; त्यांच्यासोबत सामान वाहणारे बैल मात्र एकोणीस हजारांच्या घरात. तोफा, दाणागोटा, तंबू, बाजारबुणगे आणि सैन्य या सर्वांना वाट एकच. परिणामी फौजेची चाल शिपायाच्या पावलाने ठरेना, ती बैलाच्या पावलाने ठरू लागली. घाटमाथ्यावरून तळेगाव गाठायला जानेवारीची ९ तारीख उजाडली.

६/
मराठ्यांनी या कोंडीचा अचूक फायदा घेतला. समोरासमोरच्या मोठ्या लढाईपेक्षा त्यांनी पुढचा मुलूख उजाड केला, दाणावैरण जाळली आणि कोकणाशी असलेला इंग्रजांचा दुवा तोडला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी तोंडी रुळलेला इष्टुर फाकडा, मारला गेला. तळेगावाहून फौजेने रात्रीच्या अंधारात माघार घेतली; वडगावपाशी ती वेढली गेली आणि त्याच महिन्यात वडगावचा तह झाला. महादजी शिंदे यांच्या डावपेचांचे श्रेय वादातीत आहे. पण ज्या फौजेला एकच वाट होती आणि तीही ओझ्याने तुंबलेली होती, तिचा पराभव त्या वाटेतच दडला होता.

७/
पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या घाटाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. राज्य टिकवायचे तर मुंबई बंदर आणि पुण्याची छावणी यांमध्ये चाकाची वाहने सलग चालली पाहिजेत. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा बांधीव रस्ता खुला झाला. त्याच सुमारास उभारलेला दगडी पूल पुढे 'अमृतांजन पूल' या नावाने ओळखला गेला. पाठीवर ओझी वाहणाऱ्या बैलांच्या जागी गाड्या आल्या. क्षमता अनेक पटींनी वाढली, तरी स्वरूप सामायिकच राहिले: टपाल, पलटणी, व्यापारी आणि वाटसरू एकाच रस्त्यावर.

८/
आगगाडीने या व्यवस्थेत मूलभूत फरक केला. रूळ हा राखीव मार्ग. त्यावर बैलगाडी चढत नाही, वाटसरू चालत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीला पोहोचली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. उरला तो घाट. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात १,८३१ फूट चढायचे होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार तेथे २५ बोगदे आणि ८ मोठे पूल झाले. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट असा होता.

९/
राखीव मार्गाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला आणि फेव्हिएल या ठेकेदाराच्या हातून काम गेले. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक माणसे या कड्यांवर राबत होती. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी हजारो मजूर दगावले. त्यांच्या नावांची यादी नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला.

१०/
घाटातले शिंग्रोबाचे देऊळ याच प्रश्नाकडे बोट दाखवते. लोककथा अशी: साहेबाला घाट उतरण्याची वाट सापडेना, शिंग्रोबा नावाच्या धनगराने गुरांच्या पायवाटेचा माग धरून ती दाखवली, बक्षीस म्हणून त्याने आपल्या लोकांचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. ही आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. परंतु तिचा आशय विचार करण्याजोगा आहे. पायवाट सर्वांची होती. ज्याने ती दाखवली, त्याला तिच्यावर उभ्या राहिलेल्या नव्या मार्गात वाटा मिळाला नाही, असे लोकस्मृती सांगते.

११/
रूळ राखीव असला तरी त्यावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये तो सामायिकच होता. एका खंडात एका वेळी एकच गाडी, हा नियम. आणि कोणती गाडी कधी जाईल हे वेळापत्रक ठरवणार. दूरसंचारात यालाच वेळेच्या वाटणीने वाहिनी वापरणे म्हणतात: एकच तार, पण प्रत्येकाला ठरावीक क्षण. घाटात ही वाटणी फार कठीण होती. चढणाऱ्या गाडीला जादा इंजिन जोडावे लागे, उतरणारीला ब्रेकची तपासणी. आरंभी तर एका ठिकाणी गाडी थांबवून तिची दिशा उलटवावी लागे. हे 'रिव्हर्सिंग स्टेशन' १९२९ मधील नव्या आखणीपर्यंत वापरात होते.

१२/
राखीव मार्ग म्हणजे निर्धोक मार्ग, हा भ्रमही लवकरच दूर झाला. जुलै १८६७ मध्ये घाटातील एक मोठा पूल कोसळला. जानेवारी १८६९ मध्ये उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटून ती रिव्हर्सिंग स्टेशन ओलांडून गेली. त्यानंतरची तजवीज महत्त्वाची आहे: घाटात 'कॅच सायडिंग' म्हणजे चढावर नेणारे अडवणुकीचे रूळ ठेवले गेले, जेणेकरून बेताल गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी. मार्ग कितीही उत्तम असो, तो तुटल्यावर काय होईल याची तरतूद वेगळी करावी लागते. राखीव क्षमता आणि पर्यायी मार्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत. वडगावच्या फौजेपाशी दोन्ही नव्हत्या.

१३/
१९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' धावली. मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या प्रवाशांसाठी खास अशी ही गाडी. तिच्यासाठी घाटातला वेळ राखून ठेवला जाई. बाकीच्या गाड्यांनी वाट द्यायची. आरंभी तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले ते १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे रूळ सर्वांच्या पैशाने राखले जात होते. त्यांवरील सर्वांत वेगवान वेळ मात्र ऐपतदारांसाठी राखीव होती.

१४/
आता तारेकडे वळू. सार्वजनिक तारसेवा १८५५ च्या सुमारास सुरू झाली. तारयंत्राची वाहिनी अतिशय अरुंद. एका तारेवर एका वेळी एकच संदेश. म्हणून शब्दागणिक दर, आणि म्हणूनच तारेची ती प्रसिद्ध तुटक भाषा. रांग अपरिहार्य होती. त्यावर उपाय म्हणजे प्राधान्याचा दर: निकडीच्या तारेला जादा पैसे, साधी तार मागे. गाड्यांच्या नियंत्रणासाठी रेल्वेला मात्र वेगळ्या तारा लागत. कारण समोरून येणाऱ्या गाडीचा संदेश सावकाराच्या सोयाबाबतच्या तारेमागे रांगेत थांबवणे म्हणजे अपघातास निमंत्रण. कोणती क्षमता राखीव असावी, याचा हा निकष आजही लागू पडतो.

१५/
१९२७ मध्ये पुणे जिल्हा थेट विलायतेशी जोडला गेला. 'बीम' पद्धतीच्या बिनतारी सेवेचे प्रक्षेपण खडकीजवळ दिघी येथून आणि ग्रहण दौंड येथे होऊ लागले. संदेश देणारी-घेणारी पेढी मात्र मुंबईत. त्यामुळे हजारो मैलांचा आकाशमार्ग हाती असूनही मुंबई आणि पुणे यांमधील जमिनीवरच्या तारांवाचून गत्यंतर नव्हते. १८५८ ची परिस्थिती नव्या वेषात परतली होती. पुढे १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र आले. तेव्हाही लांबचा पल्ला सोपा आणि जवळचा अवघड, हे समीकरण कायम राहिले.

१६/
स्वातंत्र्योत्तर काळातील ट्रंक कॉल हा सामायिक वाहिनीचा बहुतेक कुटुंबांनी घेतलेला अनुभव. शहराशहरांत मोजक्या लाइन, मागणी अफाट. कॉल नोंदवायचा आणि तासन्‌तास वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन वर्ग. वरच्या वर्गाचा दर कितीतरी पट. बातमी मरणाची असो वा भावाची, रांग दरानेच तुटे. मोठ्या संस्था आणि कारखाने मात्र दोन कार्यालयांमध्ये कायमची लाइन भाड्याने घेऊ शकत. 'लीज्ड लाइन' हा शब्द इंटरनेटपूर्वीचा आहे. त्यामागील कल्पना तर त्याहून जुनी.

१७/
१९९० च्या दशकात पुण्याच्या सॉफ्टवेअर व्यवसायाने हा प्रश्न धंद्याच्या भाषेत विचारला. सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील आरंभीच्या केंद्रांत पुणे होते. १९९१ मध्ये एसटीपीआय ही संस्था स्थापन झाली आणि तिने उपग्रहाद्वारे परदेशी जोडणी देऊ केली. तिच्या सेवांची नावेच बोलकी होती. 'सॉफ्टपॉइंट' म्हणजे पुण्यातील कार्यालयापासून परदेशी ग्राहकापर्यंत थेट राखीव वाहिनी; 'सॉफ्टलिंक' म्हणजे इंटरनेटची सामायिक जोडणी. ग्राहकाच्या संगणकावर थेट काम करणाऱ्यास पहिली हवी. ईमेल आणि फाइली पाठवणाऱ्यास दुसरी पुरे.

१८/
सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. टेलिफोनवरून मिळणारी जोडणी सेकंदाला ९.६ किलोबिटची, ६४ किलोबिटची लीज्ड लाइन म्हणजे त्या काळची श्रीमंती. १९९७ मध्ये 'फ्लॅग' ही समुद्रतारवाहिनी मुंबईला लागली. प्रकाशतंतूमुळे क्षमता इतकी वाढली, की उपग्रहाचा राखीव धागा तोकडा वाटू लागला. २००० मध्ये रेल्वेच्या जागेतून तंतू टाकण्यासाठी रेलटेल ही कंपनी स्थापन झाली. बर्कलींनी आखलेल्या लोहमार्गाच्या जागेला असे नवे मोल आले. डोंगर ओलांडण्याची वाट जुनीच, तिच्यातून जाणारा माल नवा.

१९/
रस्त्याची कथाही याच वळणाने गेली. जुन्या महामार्गावरील कोंडीला उत्तर म्हणून सुमारे ९४.५ किलोमीटरचा, सहा पदरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी यांना मज्जाव. पथकर भरणाऱ्या वेगवान वाहनांसाठी हा राखीव मार्ग. पण खंडाळ्याच्या घाटात काही अंतरापुरते हा मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्या, मालट्रक आणि पुण्याचे प्रवासी तेथे एकमेकांत मिसळतात. दोन्ही बाजूंना मोकळा रस्ता आणि मध्ये थांबलेली रांग. १८५८ चा प्रवासी हे दृश्य पाहून चकित झाला नसता. हा तुकडा टाळण्यासाठी 'मिसिंग लिंक' या नावाने १३ किलोमीटरहून अधिक लांबीचा नवा मार्ग आखला गेला.

२०/
सर्व्हर घेणाऱ्याने घाटातील हा तुकडा विशेष ध्यानात ठेवावा. यंत्रापासून केंद्राच्या दारापर्यंत एक गिगाबिटची राखीव वाहिनी आहे, असे सांगणारा खोटे बोलत नसतो. परंतु त्या दारापासून पुढे ग्राहकांपर्यंतची वाहिनी वीस जणांत एक गिगाबिट अशी असेल, तर सर्वांनी एकदम मागणी करताच प्रत्येकाच्या वाट्याला ५० मेगाबिट येतात. विचारायचा प्रश्न 'राखीव आहे का?' एवढाच नसून 'कुठपासून कुठपर्यंत राखीव आहे?' असा आहे. द्रुतगती मार्गही राखीवच होता, घाट येईपर्यंत.

२१/
दुसरी कसोटी वापराच्या स्वरूपाची. सेकंदाला १०० मेगाबिटची वाहिनी दिवसभर भरून वाहिली, तर चोवीस तासांत सुमारे १.०८ टेराबाइट माहिती जाते. ज्याचा वापर रात्रंदिवस याच्या आसपास राहतो, उदाहरणार्थ चित्रफिती पुरवणारा, त्याला राखीव वाहिनी परवडते. रुळावर सतत मालगाडी धावावी तसे. ज्याचे संकेतस्थळ दिवसभर शांत आणि निकालाच्या दिवशी गजबजलेले, त्याने वर्षभर राखीव क्षमतेचे पैसे भरणे म्हणजे वारीसाठी घेतलेल्या गाड्या बारा महिने दारात उभ्या ठेवणे. त्याला मोठ्या सामायिक वाहिनीतील लवचीकता अधिक उपयोगी. तिसरी कसोटी जिवाची: जेथे विलंब म्हणजे अपघात, तेथे रेल्वेच्या तारेचा न्याय लावावा.

२२/
येथवर चर्चा सोयीची आणि पैशाची झाली. मावळाने याच प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप पाण्याच्या संदर्भात पाहिले. पवना धरणाचे पाणी नदीतून वाहत खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवड शहर ते उचलते. नदी ही सामायिक वाहिनी. वाटेतील गावे, शेती आणि शहर यांची एकत्र. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची योजना आली. पालिकेची बाजू अशी, की बंद नळातून पाणी स्वच्छ येईल, गळती आणि उपसा टळेल. शेतकऱ्यांची भीती अशी, की नळात गेलेले पाणी आपल्या हाताबाहेर जाईल आणि नदी कोरडी पडेल.

२३/
९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. योजना स्थगित झाली. २०२३ मध्ये राज्य शासनाने स्थगिती उठवली, तेव्हा विरोध पुन्हा उभा राहिला. अभियांत्रिकीच्या कागदावर दोन्ही पर्याय केवळ वहनक्षमतेचे दिसतात. परंतु सामायिक वाहिनीत काठावरच्या माणसाचा न लिहिलेला हक्क असतो. ती वाहिनी राखीव होताच तो हक्क लिहून घ्यावा लागतो, अन्यथा तो नाहीसा होतो. आंदोलन त्याच हक्कासाठी होते, आणि ते ज्या रस्त्यावर झाले तोही राखीव होता, हा योगायोग मावळच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

२४/
दोनशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासातून एक क्रम दिसतो. आधी सर्वांची एक वाट असते. गर्दी वाढते, कोंडी होते. मग ज्याची निकड मोठी किंवा ऐपत मोठी, त्याच्यासाठी वेगळा मार्ग निघतो. काही काळाने तो मार्गही अनेकांत वाटला जातो: रुळावर गाड्या वाढतात, राणीला तिसऱ्या वर्गाचे डबे लागतात, तंतूवर लाखो ग्राहक येतात. आजचा राखीव मार्ग हा बहुधा उद्याचा सामायिक मार्ग असतो. बँडविड्थचा करार करताना आजचा दर पाहावा, तसेच हा क्रमही ध्यानात घ्यावा.

२५/
शेवटी पुन्हा अमृतांजन पुलाकडे. १८३० च्या सुमाराचा हा पूल पुढे वापरातून गेला, पण त्याचे दगडी खांब द्रुतगती मार्गाच्या मध्यात उभे राहिले आणि तेथील रस्ता अरुंदच राहिला. तो पाडायचा तर वाहतूक थांबवायला हवी, आणि या घाटातील वाहतूक थांबवणे कोणालाच परवडत नव्हते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडला असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. अरुंद तुकडा रुंद करण्यास इतकी वर्षे एकच अडचण होती: त्याच्यावाचून कोणाचेच चालत नव्हते.